गुरुवारचं तीर्थ

बाबा,

तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली, आणि माझा स्वभाव काही बदललेला नाही. दूधवाल्याने पाणी घातलंय, कामवालीने फुटलेली कपबशी लपवलीय, असं मला अजून वाटतं. "दफ्तरात तू लागायला हवी होतीस, मी उगाच लागलो," असं तुम्ही म्हणायचात. जन्मभर सरकारी कागद सांभाळलेला माणूस स्वतःच्या मुलीला असं म्हणतो, म्हणजे पाहा. पण माझा सगळ्यात मोठा संशय तुमच्यावरच होता, आणि तोही देवघरात बसलेल्या तुमच्यावर.

बँकेत कॉम्प्युटर आले त्या वर्षीची गोष्ट. माझ्या सात वर्षांच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. इस्पितळातले पहिले महिने पार पडले होते, गेलेले केस परत येत होते, आणि पुढची दोन वर्षं घरीच गोळ्या द्यायच्या होत्या. त्यांतली एक आठवड्यातून एकदाच, गुरुवारी. जास्त झाली तर विष, असं डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलेलं. हे शिफ्टला जायचे, मी नऊला बँकेत. म्हणून तुम्ही नागरवाड्यातलं घर बंद करून आमच्याकडे निजामपुऱ्यात आलात आणि औषधांचा डबा तुमच्या ताब्यात गेला.

त्याच सुमाराला शेजारच्या बेन कुठल्याशा वैद्याचं कौतुक करत होत्या. "एक वार बतावी तो जुओ!" एकदा दाखवून तर बघा, हा त्यांचा धोशा. मी त्यांना तोडून टाकलं. आणि आठवड्याने धुवायच्या कपड्यांत तुमच्या सदऱ्याच्या खिशातून त्या वैद्याचा पत्ता निघाला, तुमच्या मोत्यासारख्या अक्षरात.

पुढच्या गुरुवारी मी चाव्या विसरले म्हणून माघारी आले. दार उघडंच होतं. तुम्ही देवासमोर बसला आहात, छोट्या खलात पिवळट पूड घोटता आहात, तीत मध कालवता आहात. मग हाक मारता, "ये चिमणे, तीर्थ घे." ती उजवा तळवा पुढे करते, तुम्ही मध ठेवता, वर पळीभर तीर्थ घालता, ती चाटून टाकते. मी चाव्या उचलल्या आणि पाऊल न वाजवता निघाले. संशयी माणूस बोलत नाही, पाळत ठेवतो.

संध्याकाळी तिला विचारलं, "आज गोळी घेतलीस?"

"नाही गं आई. आजोबांनी तीर्थ दिलं."

तुम्हांला विचारलं. "दिली की," तुम्ही गवार मोडता मोडता म्हणालात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मी मेडिकलमधून दुसरी पट्टी आणली आणि तुम्ही फिरायला गेल्यावर तिला दटावून, नाक दाबून गोळी दिली. असे चार गुरुवार.

मग तिचं तोंड फोडांनी भरलं, ताप चढला, रक्तातल्या पेशी एकदम खाली आल्या. पुन्हा इस्पितळ, वेगळी खोली. हे कंपनीतून रक्त देणारी माणसं आणायला गेलेले. खोलीबाहेरच्या बाकावर मी तुमच्यावर तुटून पडले. "काय देत होतात तिला? कोणत्या वैद्याची पूड?"

"अगं, कसली पूड? तीच गोळी होती. गोळी म्हटलं की ओकायची, तीर्थाला मात्र हात पुढे करायची. म्हणून खलून द्यायचो."

गोळी पिवळीच होती. पूडही पिवळी. इतकं साधं मला दिसलं नव्हतं. मी पर्समधून माझी पट्टी काढून तुमच्यासमोर धरली. चार खाचा रिकाम्या. तुम्ही आधी पट्टीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि ती घेऊन आपल्या खिशात घातलीत.

तेवढ्यात डॉक्टर आले, मागोमाग हेही. "घरमां बीजुं कंई आपो छो एने?" घरी आणखी काही देता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही उभे राहिलात. "मारी भूल थई, साहेब." सकाळी देऊन विसरत होतो, संध्याकाळी पुन्हा देत होतो, असं सांगितलंत.

"वय झालं तर तसं सांगायचं होतंत! पोरीचा जीव गेला असता!" हे ओरडले. मी रुमाल तोंडाशी धरून उभी होते. मला लाज वाटली नाही, बाबा. आधी हायसं वाटलं. लाज मागाहून आली, आणि आली ती राहिलीच.

पोरगी वाचली. पण बाबांनी तिला यापुढे काही द्यायचं नाही, असं यांनी ठरवलं. घरी आल्यावर पहिल्याच गुरुवारी ती सवयीने तळवा पुढे करून देवघरात आली. तुम्ही भरलेली पळी भांड्यात परत ओतलीत. "आज तीर्थ संपलं हं, चिमणे." महिन्याभरात तुम्ही नागरवाड्याला परत गेलात.

कधीकधी वाटतं, तुम्ही ते मायेने केलंत की मला जन्माची अद्दल घडावी म्हणून? आणि वैद्याचा पत्ता मग का लिहून घेतला होता? पाहा, अजूनही मी तुमचे खिसे तपासते आहे. तीस वर्षांच्या फायलींचे नंबर तोंडपाठ असलेला माणूस गोळी विसरतो, यावर घरात कोणीच शंका घेतली नाही. शंका घेणारी मी एकटी, आणि मीच गप्प बसले.

ती आता हरणीला राहते, दोन मुलांची आई आहे. मी नाक दाबून दिलेल्या गोळ्या तिला आठवत नाहीत. हे पत्र तिला वाचायला द्यावं असं लिहिताना दोनदा मनात आलं. देणार नाही, मला ठाऊक आहे. परवा रविवारी जेवताना तिने मुलांना तुमचा किस्सा सांगितला. "माझे आजोबा इतके विसराळू, जवळजवळ मारलंच होतं मला!" सगळे हसले. तिच्या धाकटीने मला विचारलं, "खरंच विसरायचे ते?"

मी तिच्या पानात वरण वाढलं आणि म्हणाले, "हो गं. वय झालं होतं त्यांचं."