घरचा शिक्का

२ जून
...आणि शिक्का दाबून धरला. मग शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर. कार्लाला म्हटलं, झालं, अशी करायची असतात कामं. ती म्हणाली, खरंच झालं? माझी माजी बायको सगळ्याच गोष्टींबद्दल असं विचारते. लग्नानंतरही विचारलं होतं.

काम साधं. मार्लीला क्रूझवर न्यायचंय, टँपाहून मेक्सिको आणि परत. बाप एकटाच मुलीला देशाबाहेर नेणार असेल तर आईचं संमतीपत्र लागतं आणि त्यावर नोटरीचा शिक्का. लोक यासाठी बँकेत जाऊन ताटकळतात. मी स्वतः फ्लोरिडा राज्याने नेमलेला नोटरी आहे. जुन्या गाड्यांच्या दुकानात बसून रोज हेच करतो. मी कशाला दुसरा नोटरी शोधत फिरू?

कार्लाचा नवा नवरा ग्लेन गाडीतच बसून होता. खिडकीतून म्हणाला, लाइल, आमच्या बँकेतली बाई फुकट करून देते. ग्लेन गाडीत दात कोरायचा दोरा ठेवतो. अशा माणसाचा सल्ला घ्यायचा नसतो.

३ जून
नियमपुस्तक पाहिलं. म्हणजे आठवून पाहिलं, पुस्तक सापडत नाही. नोटरीने स्वतःच्या बायकोच्या सहीवर शिक्का मारू नये. कार्ला माझी बायको नाही. तसा कोर्टाचा कागदच आहे माझ्याकडे. घटस्फोटाचा हा पहिला फायदा.

५ जून
आज कार्लाने तिच्या कागदावर माझी सही घेतली. ऑगस्टमध्ये ग्लेनची बदली होऊन ती सगळी ओरेगॉनला जाणार, मार्लीसकट. देशाचं दुसरं टोक. त्याला बापाची संमती लागते. दिली, मोठ्या मनाने.

पण मला बँकेत नेलं. त्या बाईने ओळखपत्र मागितलं, फोटो आणि तोंड दोनदा ताडून पाहिलं. म्हटलं, मीही याच धंद्यातला. ती म्हणाली, असं? मग पेन आणलं असेल स्वतःचं. आणलं नव्हतं.

क्रूझवर असं काहीतरी करायचं की मार्लीला ओरेगॉनमध्ये दुसरं काही आठवू नये. काय, ते ठरवायचंय.

१३ जून
मार्ली माझ्याकडे. अकरा वर्षांची आहे, वाचायची खोड आहे. संमतीपत्र वाचलं. म्हणाली, डॅड, मला नेणारा तू, आणि मॉमने खरंच सही केली असं सांगणाराही तूच? म्हटलं, म्हणून तर चुकीला जागा नाही. ती म्हणाली, शाळेत आपला पेपर आपण तपासला तर बाई घरी फोन करतात. ही भाषा ग्लेनची.

जहाजावर रोज टॉवेलचे प्राणी करून पलंगावर ठेवतात, असं तिच्या मैत्रिणीने सांगितलंय. समुद्राबद्दल तिने काही विचारलं नाही, मेक्सिकोबद्दलही नाही. हत्ती मिळेल का, एवढंच. म्हटलं, मिळणार. शब्द देतो.

१७ जून
कार्लाचा फोन. उद्या दुपारी बँकेत जाऊन दुसरं पत्र करून ठेवू का, असू दे जवळ. म्हटलं, कार्ला, प्रश्न पत्राचा नाही, विश्वासाचा आहे. ती म्हणाली, नाही लाइल, पत्राचाच आहे. आणि फोन ठेवला. मीही ठेवणारच होतो.

२० जून, बंदर
रांग. पुढच्या अख्ख्या कुटुंबाच्या अंगात एकाच नारिंगी रंगाचे शर्ट. हरवले तर सापडावेत म्हणून असतील; कोण शोधणार, देव जाणे. मागे एक आजी, नातू बरोबर. तिच्या प्लास्टिकच्या पाकिटात आईचं पत्र, बापाचं पत्र, दोन्हींच्या जादा प्रती. घाबरट बाई. ती आत गेली.

आमच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं, लाइल हचिन्स, वडील? म्हटलं, मी. आणि नोटरी लाइल हचिन्स? म्हटलं, तोही मीच. हसलो. ती हसली नाही, साहेबाला बोलावून आणलं. साहेब म्हणाला, सर, पत्र तुमच्या सोयीचं, शिक्काही तुमचा. यात मुलीची आई कुठेय? मी घटस्फोटाचा मुद्दा मांडला. व्यवस्थित मांडला. मागून कोणीतरी म्हणालं, अहो, बाजूला होऊन मांडा.

शनिवार, बँक बंद. ओळखीच्या नोटऱ्यांना फोन केले, म्हणजे एकाला. तो मासे धरायला गेलाय.

शेवटी मार्लीने कार्लाला फोन लावला. मला न विचारता. पुलावर गाड्या तुंबलेल्या, ती आणि ग्लेन पोचले तेव्हा खिडक्या बंद होत होत्या. कार्ला म्हणाली, मी समोर उभी आहे, तोंडाने सांगते, जाऊ द्या तिला. साहेब म्हणाला, मॅडम, तोंडावर शिक्का मारता येत नाही.

ग्लेनने सँडविचेस आणली होती. मलाही दिलं.

मार्ली म्हणाली, डॅड, तू तरी जा. तिने आपली बॅग स्वतःच ग्लेनच्या गाडीत ठेवली. रडली नाही. माझ्यावर गेली आहे.

मी फक्त तक्रार कप्तानाच्या कानावर घालायला जहाजावर चढलो. वरून वाहनतळ दिसत होता. मार्ली हात हलवत होती, पण चुकीच्या मजल्याकडे. मी त्या मजल्यावर उतरेपर्यंत गाडी निघून गेली होती.

कप्तान कामात आहे, असं कळलं. उद्या बघू. जेवून खोलीत आलो तर दुसऱ्या पलंगावर टॉवेलचा हत्ती. त्याला माझा गॉगल घातलेला.

२१ जून
सकाळी खोली आवरायला माणूस आला. हत्ती सोडवून टॉवेल देऊ का, म्हणाला. नको म्हटलं. आंघोळ करून अंग कालच्याच ओल्या टॉवेलने पुसलं.