मानोची सहा पानं

अण्णा,

तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्याकडे आहे. वेरूळला स्पॅनिश पाहुण्यांना लेणी दाखवायची म्हणून केलेली. एकेका शब्दाला एकेक पान, 'मानो'ला मात्र सहा. मानो म्हणजे हात. तिथल्या कितीतरी मूर्तींचे हात तुटलेले, म्हणून हा शब्द तुम्हाला दिवसभर लागायचा. वर मराठीत लिहिलंय, 'आपल्यासारखंच आहे. वाट सांगताना उजव्या हाताला म्हणतात. भिंतीला रंगाचा हात देतात. मुलीचा हात मागतात.' एवढ्यावर थांबला असतात तर आपलं घर शांत राहिलं असतं.

पण खाली देवनागरीत स्पॅनिश वाक्यं होती आणि काहींचा अर्थ शेजारी. 'त्यानं माझा हात मागितला, मी नाही म्हणाले.' पुढं दहाचा आकडा. 'तुझा हात सोडवत नाही.' पुढं सोळा. मुकुंदवाडीच्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात आईनं लाटणं खाली ठेवलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. "हे लॉजच्या खोल्यांचे नंबर हायेत. मला लई दिसांपासून वास येतच व्हता." मी एकोणीस वर्षांची होते आणि मला ते तिथल्या तिथं पटलं. संशय पटायला मला कधीच वेळ लागत नाही. आजही दूधवाला हसून बोलला तर मी आधी दूध बघते. वही आम्ही गुपचूप तुमच्या पिशवीत परत ठेवली. संध्याकाळी तुम्ही पेरू घेऊन आलात, कुणी हात लावला नाही. "काय झालं गं?" तुम्ही विचारलंत. "काय नाय," मी म्हटलं. त्यानंतर कामापुरतं बोलणं. का ते आम्ही सांगितलं नाही, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि न विचारणं हाच मला मोठा पुरावा वाटला.

पुढं तुम्ही अंथरूण धरलंत तेव्हा वही उशीखाली असायची. चादर बदलताना मी ती काढून घेतली. "माझी वही दिसली का गं?" "नाय." दोन दिवस तुम्ही उशी चाचपत होतात. तिसऱ्या दिवशी गेलात. आईही पुढं तोच समज उराशी धरून गेली.

मागच्या महिन्यात फुलंब्रीच्या माझ्या शाळेची सहल वेरूळला नेली. दहाव्या लेण्याच्या पायरीवर एक गाईड कुणा परदेशी बाईंचं बोलणं वहीत उतरवून घेत होता. वाक्य संपलं आणि त्यानं पुढं दहा लिहिलं. पोरांना रांगेत उभं करून मी त्याला विचारलं.

"नवा शब्द आला की पाव्हण्यांना त्यांच्या आयुष्यातलं एक वाक्य मागतो, ताई. ते बोलतील तसंच लिवायचं. अन् कुठल्या लेण्यात ऐकलं तो नंबर टाकायचा, म्हंजी शब्द ध्यानात राहतो. आमच्यात जुन्या लोकांपासून हीच रीत हाय."

मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. घरी येऊन सहाही पानं बोट ठेवून तपासली. वेरूळला लेणी चौतीस. चौतिसाच्या वर तुमच्या वहीत एकही आकडा नाही. मी वही मिटून कितीतरी वेळ रडले.

तरी शेवटच्या पानावर एक वाक्य उरलंच. अक्षर वाकडंतिकडं, शेजारी मराठी अर्थ नाही, आकडाही नाही. लेण्याचा नंबर नाही, मग हे कुठं ऐकलंत? बघा, माझा संशय पुन्हा उठून बसला. मी ते मोठ्यानं वाचलं आणि फोननं अर्थ सांगितला. खोटं वाटलं. सुनेच्या फोनवर विचारलं, मग शेजारच्या बाईंच्या. तिन्ही फोन एकच सांगत होते.

'उठायला मुलीकडे हात मागितला. तिनं काठी आणून दिली.'

ती दुपार मला आठवते. मी तुमच्या खाटेला टेकून मेथी निवडत बसलेय. तुम्ही म्हणताय, "जरा हात दे गं." मी उठते. काठी टेकत तुम्ही भिंतीपर्यंत जाता आणि "बरी आणलीस" म्हणता. मला त्या बोलण्यातही टोमणा दिसतो.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून मानोच्या सहाव्या पानात ठेवते. वही मीच घेतली होती, अण्णा. आणि काठी आतल्या खोलीत होती. ती आणायला मी मुद्दाम उठून गेले. हात तिथंच, तुमच्याजवळ होता.