वास नसलेला ग्लास

प्रिय वहिनी,

पोरीचा पुढचा दात पडला म्हणे. बोळक्याचा फोटो पाठव, आत्याला बघायचाय.

जाताना तू मला बजावलं होतंस की दादावर नजर ठेव, त्याची दारू खरंच सुटली असेल तरच मी पोरीला घेऊन परत येईन. तेव्हापासून लिंबं कापता कापता माझा एक डोळा त्याच्यावरच असतो. आपल्या बारमधलं गिऱ्हाईक तुला ठाऊक आहे. स्वतःचा ग्लास भरला की एक तुझ्यासाठीही ओत म्हणून मागे लागतं, आणि नको म्हटलं की तोंड पाडतं. त्यामुळे दादापुढे संध्याकाळभर एक उंच ग्लास असायचाच. बर्फ, टॉनिक, लिंबाची चकती, आणि जवळ गेलं की जिनचा भपकारा. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

एकदा तो आत गेल्यावर मी स्ट्रॉ तळापर्यंत घातली आणि ओढलं. नुसतं टॉनिक होतं गं. जिन फक्त काठाला चोळलेली. विचारलं तर हसला, म्हणाला, गिऱ्हाइकाच्या नाकाचं समाधान, दुसरं काय. मला तर रडूच आलं.

पण माझं मन मेलं संशयी. हल्ली तो ग्लास मुद्दाम माझ्या हाताशी ठेवून जातो. घे, चाख, एवढंच म्हणायचं बाकी ठेवतो. ज्याला लपवायचं नसतं तो इतकं दाखवत बसतो का? आणि नुसत्या टॉनिकने त्याची जीभ जड कशी होते? परवा बर्फाच्या पेटीमागे दुसरा ग्लास सापडला. हुंगला तर काहीच नाही, सोडा वाटला. घोट घेतला आणि घसा जळाला. व्होडका होती, सोडा आपला नावाला. मी नाकावर विसंबून राहिले, आणि तो माझं नाक ओळखून होता.

हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. रविवारी तो मला तुला फोन करायला लावणार आहे, स्वतः शेजारी उभा राहून. बापाच्या मायेने वाढवलंय त्याने मला, त्याच्या तोंडावर त्याला खोटं पाडायची माझी छाती होणार नाही. मी म्हणेन, दादा सुधारलाय, पोरीला घेऊन ये. वहिनी, येऊ नकोस.

तुझीच,
वन्सं