बाबांच्या आवाजावरची सनई

शनिवार पेठ, पुणे

ती. आईस नमस्कार,

गोळी घेतली नसशील तर आधी घे, मग हे वाच. फोनवर बोललो असतो तर तू रडली असतीस, म्हणून लिहितो.

मी बरा आहे. बाबा ज्याला धिंगाणा म्हणायचे, त्या डीजेच्या कामात आता लोक नाव घेऊन बोलावतात. जेवण तर रोज लग्नाचंच.

परवा लोणी काळभोरला लग्न होतं. नवरीचे वडील गेल्या वर्षी वारले. थोरलीच्या लग्नात त्यांनी म्हटलेली मंगलाष्टकं नवरीच्या भावाने रेकॉर्ड केली होती, तीच मी लावली. नवरीची आई विधवा म्हणून मागच्या खोलीत बसली होती. आवाज ऐकून ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे ये, असं तिला कोणी म्हटलं नाही.

मग मी नम्रताताईकडून तिच्या लग्नाचा व्हिडिओ मागवला. बाबा मंगलाष्टकं म्हणताना दिसतात, ओठ हलतात, पण व्हिडिओवाल्याने त्यांचा आवाज काढून वर सनई टाकली आहे. माझ्याकडे एवढी मशीनं आहेत, पण पुसलेला आवाज परत आणता येत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? पाणी कोण भरतं?

तू म्हणतेस ती मुलगी बघायला मी येतो. एकच अट आहे. बाबांची चाल आता फक्त तुला येते. माझ्या लग्नात मंगलाष्टकं तू म्हणायचीस, मांडवात, माझ्या शेजारी उभी राहून. आवाज कापला तरी चालेल. माईक मी आधीच लावून ठेवीन.

तुझाच,
अभिनव