कोरडा पेला

सोमवार, ३ फेब्रुवारी
माझा निळा पेला चोरीला गेला! इनॅमलचा, काठाला एक टवका, एकोणीस वर्षांची अखंड सेवा. खरं तर झेंडा अर्ध्यावर हवा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "दुसरा घ्या." आज चहा जॅमच्या बाटलीतून. बोटं भाजली. संशय शाळेत पोरांची पेज शिजवणाऱ्या बायांवर.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
त्यांच्या म्होरक्या नाचिसालेबाईंना विचारलं. "मी पेले ओळखते सर, चोरत नाही." पोरं घरून पेले आणतात, बाईंना प्रत्येकाचा ठाऊक. मग म्हणाल्या, "सातवीच्या टियामिकेचा पेला तीन आठवडे पातेल्याशी आलाच नाही. आजारी आहे?"
मी ऐटीत सांगितलं— हजेरी पूर्ण आहे.
"मग तुमचा हजेरीपट पेज पीत असेल!"
सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो.

बुधवार, ५ फेब्रुवारी
आज मान वर करून हजेरी घेतली. एकशे बारा नावं. "टियामिके!" मागून— "हजर!" ओरडणारी तिची मामेबहीण!
"ती कुठंय?"
"लग्न झालं, सर. शिरे नदीपलीकडे."
चौदा वर्षांची पोर! मामानं ठरवलं, आईला विचारलंही नाही. आणि नियमित येणाऱ्या मुलींना महिन्याचं मक्याचं पोतं मिळतं, ते मामानं नेलं. माझ्या सहीवर! सोळा दिवस मी 'हजर' लिहिलं. खाली बघून.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
मुख्याध्यापक: "कागद नीट आहेत ना? मग?"
नाचिसालेबाई वाद घालत बसल्या नाहीत. पातेलं पालथं घातलं. "पोरगी येईल तेव्हा चूल पेटेल." नवा मका यायला अजून दोन महिने, घरोघरी कणग्या रिकाम्या, पोरांना पेजेचाच आधार— दुपारपर्यंत अख्खं गाव गावप्रमुखाच्या दारात!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
पहाटेच गावप्रमुख, तिची आई आणि चार स्वयंपाकिणी होडीत बसले. बायांच्या हातात पेज ढवळायचे लाकडी दांडे. मी मागून गेलो. कुणी बोलावलं नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी
टियामिके रांगेत उभी! रिकाम्या हातांनी, तिचा पेला नदीपलीकडेच राहिला. नाचिसालेबाईंनी कमरेला गुंडाळलेल्या कापडातून माझा निळा पेला काढला, काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिला.
"बाई! म्हणजे तुम्हीच—"
"पोरगी गेली तर तुम्ही विचारायला आला नाहीत. म्हटलं, पेला गेला तर याल."

मंगळवार, ११ फेब्रुवारी
सोळाही 'हजर' लाल शाईनं खोडले. 'गैरहजर.' प्रत्येकाखाली माझी सही. मुख्याध्यापक म्हणतात, नोकरी जाईल. पेला परत मागितला नाही.