उजवा कौल आणि कॉलेजचं टाइमटेबल

११ जून, बुधवार
कॉलेज सुरू. दुसऱ्या वर्षाला आले म्हणून काही वेगळं वाटलं नाही. तोच वर्ग, तोच कुरकुरणारा पंखा.
नोटीसबोर्डवर कागद लागलाय. ज्यांनी पहिल्या वर्षी दोन विषय बरोबरीने घेतले त्यांनी मेजर कोणता आणि मायनर कोणता ते आता पक्कं करायचं. फॉर्म २७ तारखेपर्यंत. पालकांची सही, मेंटॉरची सही. एकदा भरला की पदवीपर्यंत तोच.
माझे दोन म्हणजे केमिस्ट्री आणि बॉटनी. बाबांच्या मनात के. मेजर. माझ्या मनात बॉ. मेजर. आईच्या मनात एवढंच की जेवताना ह्यावरून भांडायचं नाही.

१२ जून
जेवताना भांडलो.
बाबा म्हणजे औषधांच्या कारखान्यातले लॅब अटेंडंट. एकोणीस वर्षं काचेची भांडी धुतात, सँपल नेतात, आणतात. केमिस्ट लोकांचा पांढरा कोट त्यांना देवाच्या शेल्यासारखा वाटतो. मी म्हटलं, बाबा, मला झाडं आवडतात. बाबा म्हणाले, ‘‘झाडां सर्वणात कमी आसत? तेका कॉलेजीत कित्याक जावक व्हया?’’ (सर्वण म्हणजे आमचा गाव.)
ताट तसंच टाकून उठले. मग भूक लागली म्हणून परत येऊन बसले. आई हसली, मी नाही हसले.

१५ जून, रविवार
व्हायचं ते झालं. बाबांनी कौल लावला.
आमच्या घरात विहीर कुठे खणायची, आत्याचं लग्न ठरवायचं की नाही, स्कूटर घ्यायची की नाही, सगळं देवाला विचारून. आता मेजर-मायनर. गुरवकाकांना इंग्रजी नावं लक्षात राहणार नाहीत म्हणून बाबांनी चिठ्ठी लिहून नेलेली. गुरवकाकांनी पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या, डावीकडे, उजवीकडे, आणि चष्मा वर करून चिठ्ठी वाचत गाऱ्हाणं घातलं : ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान केमिस्ट्री मेजर आनी बॉटनी मायनर घेतल्यार तेचां बरां होतलां काय, तां सांग म्हाराजा!’’
बाबा मोठ्याने ‘‘व्हय म्हाराजा!’’ मी पण हात जोडले होते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मनातल्या मनात म्हणत होते, डावी पाड, डावी पाड.
उजवी पडली. तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाबांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्यावर धड रागावताही येईना. देवावर कसं रागवायचं ते माहीत नाही.

१६ जून
सिद्धीला (वाळपईची, वर्गात शेजारी बसते) बसमध्ये सगळं सांगितलं. ती म्हणाली, मेंटॉरकडे जा. मी म्हटलं, मेंटॉर नापास झालेल्यांसाठी असतात. ती म्हणाली, मेंटॉर तुझ्यासारख्या शहाण्यांसाठी असतात.
आमच्या मेंटॉर परब मॅडम. गणित शिकवतात, पेडण्याहून स्कूटरने येतात. बावीस जणांची फाइल त्यांच्याकडे आहे, त्यातली मी एक. वर्षभरात दोनदा भेटलेय आणि दोन्ही वेळा फक्त सही घेऊन पळालेय.

१८ जून, बुधवार
ह्या वेळी पण सहीच घ्यायला गेले होते. फॉर्ममध्ये पेन्सिलने ‘मेजर केमिस्ट्री, मायनर बॉटनी’ लिहिलेलं. कौल झालाय म्हटल्यावर वाद कशाला.
मॅडमनी फॉर्म बघितला, मग कपाटावर चिकटवलेलं टाइमटेबल बघितलं, मग परत फॉर्म.
‘‘हे यंदा होत नाही.’’
के. मेजरचं प्रॅक्टिकल मंगळवार आणि गुरुवारी दुपारी. बॉ. मायनरचं प्रॅक्टिकल एकच, तेही गुरुवारी दुपारी. के. मेजर घ्यायचं तर बरोबर फिजिक्स नाहीतर झूलॉजी. उलटं मात्र जमतं. बॉ. मेजर, के. मायनर, कुठेच आडवं येत नाही.
मला हसू फुटलं. आवरेना. मॅडम म्हणाल्या, काय झालं? सांगून टाकलं सगळं, चिठ्ठी, पाकळ्या, तीन मिनिटं. वाटलं आता लेक्चर ऐकायला मिळणार, विज्ञानाची विद्यार्थिनी आणि वगैरे. त्या पेडण्याच्या, तिथेही कौल लावतात, ते विसरले होते. त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, ‘‘उजवो दिलो?’’
‘‘हो.’’
‘‘मगे टायमटेबल देवाक कोणी दाखवंक नाय.’’
सही केली नाही. म्हणाल्या, तुला काय हवंय? मी म्हटलं, बॉटनी. का? आवडते. आवडते म्हणजे तिच्यातलं नक्की काय आवडतं?
आठ दिवस घरात भांडतेय आणि ह्या प्रश्नाचं उत्तर तयार नाही. लाज वाटली.
पुढच्या बुधवारपर्यंत तीन कामं दिलीत. पहिल्या वर्षाच्या दोन्ही मार्कशीट आणायच्या. कोणी न सांगता मी कुठलं पुस्तक उघडते ते रोज लिहून ठेवायचं, खोटं लिहायचं नाही. आणि बाबांना घेऊन यायचं.

१९ जून
घरी सांगितलं. बाबा कदेलीवर (त्यांची एकट्याची खुर्ची, दुसऱ्या कोणी बसायचं नाही) जाऊन बसले. मग म्हणाले, ‘‘देव चुकणा नाय.’’
आई भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘‘देव चुकणा नाय. तुमी इचारलास तां चुकलां.’’
बाबा गुरवकाकांकडे जाऊन आले. काका म्हणाले, एका गोष्टीचा कौल वर्षाच्या आत दोनदा मागायचा नाही, देवाला ते अविश्वास दाखवल्यासारखं होतं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देवाने दिलेलं कॉलेज देत नाही, कॉलेज देतंय ते देवाला विचारलेलं नाही.
बाबांनी ह्यावर जो उपाय काढला तो लिहून ठेवायलाच हवा : ‘‘मॅडमीक सांगतंय, टायमटेबल बदलूक व्हया.’’
मी आणि आईने एकमेकींकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर संपलंच.

२१ जून
मॅडमचं काम. गुरुवार, काही नाही. शुक्रवार, काही नाही (मोबाइल). आज शनिवार. शेताच्या बांधावरून तीन तणं उपटून आणली आणि पुस्तकातल्या किल्लीने (पान कसं, फूल कसं विचारत नावापर्यंत नेणारा तक्ता) ओळखत बसले. एक चुकलं. परत गेले, मुळासकट आणलं, मग जुळलं. आई दोनदा हाका मारून दमली. उंडे (गोल पाव) थंड झाले.

२३ जून
आज केमिस्ट्री उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं. टायट्रेशनची गणितं, दोनदा केली, बरोबर आली. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितेय. मजा आली.
मग मी इतके दिवस के.च्या नावाने का खडे फोडतेय? बाबांना हवं म्हणून? असेल. असं वाटलं आणि जरा वाईट वाटलं.
तरी हिशेब असा : के. एकदा, बॉ. दोनदा. काल पण बांधावर गेले होते, ते लिहायचं राहिलं होतं.

२५ जून, बुधवार
बाबा अर्धी रजा टाकून आले. इस्त्रीचा शर्ट, पेन खिशात. मॅडमनी तीनदा ‘बसा’ म्हटल्यावर खुर्चीच्या टोकावर बसले. टाइमटेबल बदलण्याचं काही बोलले नाहीत, माझी सुटका झाली.
मॅडम त्यांच्याशी पेडण्याच्या बोलीत बोलायला लागल्या आणि बाबा हळूहळू खुर्चीत मागे सरकले. मॅडमनी विचारलं, केमिस्ट्रीच कशाला?
बाबांनी मला कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांच्या लॅबमध्ये एक बाई केमिस्ट आहेत, दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे. त्या आत आल्या की मोठे साहेबसुद्धा त्यांना विचारतात, औषधाची बॅच बाजारात सोडू की नको. ‘‘एकोणीस वर्सां मी तेच बाटल्ये हातात घेवन उबो आसंय. माका कोणी कधी इचारूक नाय. हिका इचारतीत म्हणून.’’
मी खिडकीबाहेर बघत बसले. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून.
मग मॅडमनी मार्कशीट काढल्या. के. पहिल्या सत्रात एकाहत्तर, दुसऱ्यात बावन्न. मी म्हणणार होते, बघा, जमत नाही मला. पण त्यांनी हजेरी काढून ठेवलेली. शनिवारच्या ट्यूटोरियलला बारापैकी नऊदा गैरहजर. का? शनिवारी आमच्या बाजूची साडेसातची बस नसते. ‘‘हे कोणाला सांगितलंस?’’ कोणाला नाही. कोणी विचारलंच नव्हतं, आणि मला वाटलं बस हे काय सांगण्यासारखं कारण आहे. मॅडमनी तिथल्या तिथे केमिस्ट्रीच्या सरांना फोन लावला. तीच ट्यूटोरियल शुक्रवारी दुसऱ्या तुकडीला असते, मी तिथे बसायचं. दोन मिनिटांचं काम. वर्षभर मी स्वतःला ढ समजत होते.
शेवटी त्यांनी एका कागदावर तिन्ही रस्ते लिहिले. के. मेजर, फिजिक्स मायनर घेतलं तर घराजवळ कारखाने आहेत, नोकरी लवकर लागू शकते, पण बॉटनी सुटली. बॉ. मेजर घेतलं तर पुढे एम.एस्सी.शिवाय फारसं नाही, त्यासाठी बाहेर जावं लागेल, पण के. मायनर असल्यामुळे माती-बियाण्यांच्या लॅबचं दार उघडं राहतं. तिसरा, के. मेजर आणि झूलॉजी मायनर, म्हणजे झाडं नाहीत तरी निदान जीवशास्त्र हातात राहतं. ‘‘ह्यात सोपं कुठलंच नाही. मी गोड बोलून पाठवणार नाही.’’
बाबांनी विचारलं, ‘‘मॅडम, तुमी आसल्यात जाल्यार?’’
त्या म्हणाल्या, त्यांच्या वडलांना कॉमर्स हवं होतं, त्यांनी गणित घेतलं. ‘‘माझां बरां झालां म्हणून हिचां होतलांच असां नाय.’’
बाबा म्हणाले, ‘‘पण उजवो दिल्लो...’’
मॅडम म्हणाल्या, ‘‘देवान काय सांगल्यान? लेकराचां बरां होतलां म्हणून सांगल्यान. तां धरा. विषय चिठ्ठीर तुमी लिवलेलो.’’
येताना डिचोलीला भाजी-उंडे खाल्ले. त्यांनी त्यांच्यातली भजी मला दिली. विषयाबद्दल एक अक्षर नाही.

२६ जून
पोदेर पाव देऊन गेला, मी उठले, तर मेजावर फॉर्म. खाली बाबांची सही, तारखेसकट. वर मेजर, मायनर, दोन्ही चौकोन रिकामे. माझं पेन्सिलीचं त्यांनी खोडरबराने पुसून टाकलेलं, कागद जरा खरवडलाय.
आता बाबा म्हणजे असा माणूस की कोऱ्या कागदावर सही म्हटलं तर अंगावर येईल. त्यांच्या लॅबचा पहिला नियम तो. रकाना रिकामा असेल तर आधी आडवी रेघ, मग सही. दूधवाल्याच्या कार्डावरसुद्धा रेघ मारून सही करतात. आणि माझ्या फॉर्मवर रेघ नाही.
बूट घालता घालता म्हणाले, ‘‘तू भर. माका आता सांगा नको.’’ आणि गेले.
मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण त्याआधी फॉर्म उलटा करून ठेवला. इतके दिवस निदान भांडायला कोणी होतं.
आई म्हणाली, ‘‘बघतंय काय, पाव खा.’’

२७ जून, शुक्रवार
भरला. पेनाने. मेजर बॉटनी, मायनर केमिस्ट्री. ‘बॉटनी’ लिहिताना पहिलं अक्षर वाकडं आलंय, ते तसंच ठेवलं.
परब मॅडमनी वाचला, सही केली. शाबास नाही, काही नाही. एवढंच विचारलं, ‘‘आज ट्यूटोरियलला बसलीस ना?’’ बसले होते. समजलं पण.
ऑफिसात कळलं, बॉ. मेजरला वीसच जागा, फॉर्म आलेत सव्वीस. मार्कांवर लावणार. नाव नाही आलं तर परत मॅडमकडे, तिसऱ्या रस्त्याचं बोलायला. सोमवारी अकरा वाजता याद्या लागणार. सिद्धीने झूलॉजी भरलं, तिला घाई नाही.

२९ जून, रविवार
छान दिवस. आईने बांगड्याचं हुमण केलं. बाबांनी दोनदा भात मागून घेतला. दुपारी मी बांधावर गेले तर ते पण मागून आले, एक झुडूप दाखवून म्हणाले, ‘‘ह्येचां नाव काय?’’ मला येत नव्हतं. ‘‘शोधून सांग,’’ म्हणाले.
काय भरलंस, हे त्यांनी विचारलेलं नाही. तीन दिवस झाले. सांगण्याच्या चार रीती मी मनात घोकून ठेवल्यात, एकही वापरली नाही. आज मघाशी त्यांनी स्वतःच स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली. म्हणाले, ‘‘फाल्यां यादी वाचूक मी येतंय. अर्दी रजा घातलंय.’’
केमिस्ट्रीची यादी ऑफिसच्या दाराशी लागते. बॉटनीची मागच्या जिन्याखाली. कॉलेजच्या फाटकातून आत गेल्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे. मी वळेन तेव्हा त्यांना कळेल. नाव आहे की नाही, ते आम्हाला दोघांना एकदमच कळेल.
आईला विचारलं, आधी सांगू का? ती म्हणाली, ‘‘नको. चलांदे तेका तुझ्या मागना.’’