रेषेवरचा चेंडू

८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी खुशाली, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. हे गेल्यापासून ज्या टेनिस क्लबाच्या फाटकावरून मान खाली घालून जात होते, त्यात परवा एकदाची शिरले.

दादा, तिथे पंचच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला त्यानेच सांगायचं, आत की बाहेर. नीट दिसला नाही, तर गुण समोरच्याचा. न्यायालयात साक्षी टाइप करण्यात माझा जन्म गेला. शपथ घेऊनही माणसं स्वतःविरुद्ध अक्षर बोलत नसत. इथे पिकल्या केसांच्या एका दंतवैद्य बाईंनी जिंकत आलेला डाव, चेंडू आत होता असं सांगून घालवला आणि शांतपणे पाणी प्यायला गेल्या. मी जाळी धरून बघतच राहिले. अंगावर काटा आला.

दोन आठवड्यांनी रविवारी खेळून दाखवायचं आहे, मग सभासद करून घेतात. कॉलेजातली रॅकेट माळ्यावरून काढली आहे.

माया आहेच, ती पत्रातून येत राहो.
तुझी,
छोटी

१७ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. सापशिडीत माझी सोंगटी गुपचूप सापाच्या तोंडी देणारी तू, आणि तुझ्या अंगावर काटा? गुडघा सांभाळ.

आता मुद्द्याचं. महिनाअखेरपर्यंत तिथे तुझं कुणी माणूस झालं नाही तर घर आवरून इकडे यायचं, हे आपलं ठरलंय. मागची खोली रंगवून घेतली आहे. मला तुझी काळजी वाटते, दुसरं काही नाही.

प्रकृतीस जप, लोभ आटू देऊ नकोस.
दादा

२५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी खेळले. जोडीला दंतवैद्य बाई, समोर एक सुतार आणि त्याची सून. सुरुवातीलाच फजिती झाली. चेंडू रेषेजवळ पडला आणि मी सवयीने न्यायाधीश शोधायला वर पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, माझ्या शब्दाची वाट बघत थांबले होते. इतकी वर्षं दुसऱ्यांचे शब्द उतरवले, माझा कुणी विचारला नव्हता.

शेवटी सगळं एका गुणावर आलं. सुताराचा चेंडू धूळ उडवत रेषेपाशी पडला आणि मला दिसलाच नाही. बाहेर म्हटलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता. हरणारीला कोण घेणार, म्हणजे तुझी खोलीच नशिबात, हेही मनात आलं. तरी आत म्हणाले, आणि हरलो.

बाईंना तोंड कसं दाखवू असं झालं होतं. त्यांनी फक्त घाम पुसला आणि म्हणाल्या की मंगळवारी लवकर ये, आपल्या जोडीला सराव हवा. त्यानंतर त्यांनीच माझं नाव सभासदांत घातलं.

दादा, मी इथेच राहते. रागावू नकोस, एवढं मागणं आहे.
तुझी,
छोटी

४ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. रागावलो नाही. तिथेच राहा आणि खूप खेळ.

तुझ्या काळजीने बोलावतो असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. तू सावरते आहेस, हे तुझ्या पहिल्याच पत्रात मला दिसलं होतं. तुझी वहिनी गेल्यापासून संध्याकाळ झाली की हे घर मला खायला उठतं. ती खोली मी माझ्यासाठी रंगवली.

मंगळवार सोडून कधीही ये.
दादा